साडूंची काटछाट

दर महिन्याला खात्यातून गुपचूप कापल्या जाणाऱ्या पैशांना धडकी भरवेल असा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझा साडू आहे. परका असता तर मी मोकळेपणाने कौतुक केलं असतं. पण साडूचं कौतुक करायला मन मोठं लागतं, आणि माझ्या बायकोच्या मते तेही तिच्या दाजींकडेच आहे.

साडू मूळचे माढ्याकडचे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे आवाज मोठा आणि नजर बारीक. टॉवेलातला सुटलेला धागा त्यांना जसा दुरून दिसतो, तसाच फोनमध्ये नकळत चालू राहिलेला प्लॅनही दिसतो. कुणाकडे गेले की लोक आधी पाणी मागतात, साडू यजमानाचा फोन मागतात. "व्यायाम करताय का?" "नाही हो, वेळच मिळत नाही." "मग ह्या ॲपला कशाला पोसताय?" चहा येईपर्यंत व्यायामाचं, गाण्यांचं आणि इंग्रजी शिकवणारं अशी तीन ॲपं गतप्राण झालेली असतात. एका लग्नात तर त्यांनी कहर केला. नवरदेव बोहल्यावर, आणि त्याचा फोन साडूंच्या हातात. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळाची वर्गणी अजून चालूच होती! अक्षता पडायच्या आत साडूंनी ती बंद केली आणि भर मांडवात ओरडले, "आता अजून कुणाला बगायचंय?" नवरीकडची माणसं त्या दिवसापासून त्यांना देवमाणूस म्हणतात. मी त्याच लग्नात आहेर म्हणून भारी मिक्सर दिला होता, तो कुणाला आठवतही नाही.

मीही एकदा प्रयत्न केला. सात रस्त्यावरच्या माझ्या ऑफिसातून टीव्हीच्या कंपनीला फोन लावला आणि कडक आवाजात म्हणालो, प्लॅन कमी करा. पलीकडची मुलगी इतकी गोड बोलली की फोन ठेवला तेव्हा माझ्याकडे वर्षभराचा खेळांचा पॅक होता. मी क्रिकेटही बघत नाही. बायको एवढंच म्हणाली, "दाजींना विचारायचं की." असल्याच मुलींना साडू "जेवलीस का, बाळा?" असं विचारून सुरुवात करतात, आणि शेवटी त्याच मुली यांचे पैसे परत करतात. एकदा तरी या माणसाचं चुकावं, असं मला मनापासून वाटायचं.

आणि चुकलं. गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या घरचा टीव्ही तपासला आणि कानडी वाहिन्या काढून टाकल्या. घरात कानडी कुणाला येतंय? बायकोला नाही, पोरांना नाही. त्यांच्या आई अक्कलकोटच्या पलीकडच्या, कानडी मुलखातल्या गावातल्या, पण लग्न होऊन माढ्याला आल्यापासून मराठीच बोलत आलेल्या. पुढे त्या हळूहळू मागच्या खोलीत बसू लागल्या, जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा साडू काकुळतीला येऊन म्हणाले, "आई, बाहेर ये की. टीव्ही तरी बग."

"त्यात आता आपलं माणूस न्हाय रं," आई म्हणाल्या. "थोरली भन होती तवर फोनवर आमच्या बोलीत बोलायची. ती गेली. मग टीव्हीतलीच बोलायची तेवढी."

कबूल करतो, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. मग साडूंचा चेहरा पाहिला आणि तो आनंद कुठल्या कुठे गेला. त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. तोच पॅक आता महाग झाला होता. मी घासाघिशीची वाट पाहत राहिलो. "चालू कर, बाळा," साडू म्हणाले, "आत्ताच्या आत्ता कर." जेवलीस का, हेही विचारायचं राहून गेलं.

थोड्या वेळात टीव्हीवर कानडी मालिका सुरू झाली. आई पदर सावरत बाहेर आल्या. साडू त्यांना खेटून बसले आणि कारखान्यातल्या आवाजात विचारू लागले, "आई, ही का रडायलीय?" आई मराठीत सांगायला लागायच्या आणि मध्येच कानडीत शिरायच्या. एक अक्षर न कळता साडू "हौदु, हौदु" असा कानडी होकार भरत मान डोलवायचे. मी निघालो, तर आईंनीच अडवलं. "बसा की वो, आता ह्यात लगीन हाय." सरकून त्यांनी मला दुसऱ्या बाजूला जागा दिली आणि मलाही सगळं सांगू लागल्या, कोण कुणाची सून, कोण लबाड.

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. शेजारी बसवून मला कुणी गोष्ट सांगितली, त्यालाही तेवढीच झाली. साडूंचा हेवा मला अजूनही वाटतो, पण आता तो त्यांच्या हातातल्या फोनचा वाटत नाही. रोज संध्याकाळी कामावरून येऊन ते जिथे बसतात, त्या जागेचा वाटतो.