भरताचं वांगं, चिमणी आणि माझी चौकशी

ती घटना आठवली की घरात एकटी असले तरी पदर तोंडावर ओढून घ्यावासा वाटतो. एका बाईनं नुसते हात पदराखाली लपवले म्हणून मी तिला गुन्हेगार ठरवलं होतं.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी नाशकात फौजदार होते. टोपी नवी होती आणि अक्कल तर कोरी करकरीत, न वापरलेली. एका सकाळी पंचवटीतल्या एका सोसायटीतून ठाण्यात निनावी फोन आला, "सासूनं सुनेला पेटवलंय, लवकर या."

आम्ही पोचलो तोवर सुनेला नवऱ्यानं दवाखान्यात नेलं होतं. गॅसच्या वरची भिंत काळीठिक्कर. साठीची सासू पदराखाली हात घेऊन दारात उभी.

"काय झालं?"

"पोर भरताचं वांगं भाजत व्हती. वरच्या चिमणीनं पेट घेतला."

"चिमणी पेटते होय? रॉकेल कुठं ठेवलंय ते सांगा."

"गॅस आल्यापासून रॉकेल नाय घरात."

रॉकेलचा वास मलाही आला नव्हता. पण मला गुन्हा सापडला होता, नाकाला कोण विचारतं! बाईचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, हा नियम मला पाठ होता. तरी तिला जिन्यानं खाली आणून जीपमध्ये बसवलं. गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. मी मान ताठ केली. फोटो निघतोय की काय अशी.

ठाण्यात ती बाकावर बसली. हात पदराखालीच. जो हात लपवतो तो काहीतरी लपवतो, हा माझा लाडका सिद्धांत.

"हात दाखवा."

"राहू द्या. आधी पोरीचं काय ते कळू द्या."

चहा दिला, तिनं कपाला हात लावला नाही. मन खातंय हिला, मी खूश. दुपारपर्यंत तेच ते प्रश्न विचारले, आवाज चढवला. ती एकच विचारी, "माझी सून बरी हाय ना?" मला ते नाटक वाटलं.

सून जबाब देण्याच्या स्थितीत आहे असं डॉक्टरांनी कळवल्यावर दवाखान्यात गेले. दंडाला पट्टी बांधलेली ती पोर मला बघून उठूनच बसली.

"मॅडम, आमच्या आई कुठायत? त्यांच्या हातांना कुणी औषध लावलं का?"

मग एकेक कळलं. चिमणी नवी, महागाची. तिची जाळी खराब होऊ नये म्हणून पोरीनं खालून वर्तमानपत्र दोऱ्यानं बांधलं होतं. फोडण्या आणि तळणाच्या वाफांनी कागद तेलानं थबथबला, तरी बदलला नाही. मोठ्या आचेवर वांगं ठेवून ती फोन घ्यायला गेली. परत आली तर कागद पेटलेला. घाबरून तिनं तांब्याभर पाणी फेकलं, ते शेजारच्या शेगडीवर कढईत तापत असलेल्या तेलात पडलं आणि भडका तिच्या बाहीवर आला. सासूनं ती बाही दोन्ही हातांनी चुरगाळून विझवली.

ठाण्यात परतून मी तिच्यासमोर खाली बसले. पदर बाजूला केला. तळहातांना फोड, काही फुटलेले. त्याच जीपमधून तिला दवाखान्यात पाठवलं. सकाळपासून ते हात माझ्यासमोर होते.

पंचनाम्याला पुन्हा गेले तेव्हा अर्धवट जळलेला कागद आणि पाइपात साचलेलं चिकट तेल दिसलं. अपघाती आग अशी नोंद झाली. तेव्हापासून ज्या घरी जाते तिथं आधी मान वर करून चिमणी बघते. सगळे हसतात, हसोत. जाळीवर कागद, कापड काही बांधू नका. जाळी दर पंधरा दिवसांनी गरम पाणी आणि सोड्यात भिजवून धुवा, पाइपही साफ करून घ्या. वांगं भाजताना जागा सोडू नका. आग दिसली तर हात पोचत असेल तरच गॅस आणि चिमणी बंद करा, तेलाच्या भांड्यावर झाकण टाका, पाणी मात्र नाही. आवरेना झालं तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

चौकशी म्हणजे विचारणं, आणि मी दिवसभर नुसतं सांगत होते, हे मला त्या बाकासमोर बसल्यावर कळलं.

पुढच्या आठवड्यात साध्या साडीत त्यांच्या घरी गेले. आत शिरले, हळूच दार लोटलं, कडी घातली आणि हात जोडले. "चुकलं माझं," म्हटलं.

पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "बाई, मला नेलं तवा सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी व्हती. आता माफी मागायला कडी कशाला लावली?"