दिवसाचा पहिला मासा

कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं जुनं कपाट आज रिकामं करायला घेतलं. दार उघडताच फॉर्मलिनचा वास नाकात घुसला, डोळे चुरचुरले, आणि मी थेट हिंगणीजवळ बोर नदीच्या काठावर जाऊन पोचलो.

तेव्हा मी बोरमधल्या माशांची यादी करत होतो. नियम साधा होता: मासा बरणीत आला, तरच यादीत येणार. जाळं कौसल्याबाईंचं, त्यांच्या घरात मासेमारी पिढ्यान्‌पिढ्यांची. त्या सकाळी पहिल्यांदा टाकलेल्या जाळ्यात एकच मासा आला, बोटाएवढा. अंग शेवाळी हिरवं आणि शेपटीच्या मुळाशी पळसाच्या फुलासारखा केशरी ठिपका. असा मासा मी या नदीत कधी पाहिला नव्हता. मी बरणीचं झाकण काढेपर्यंत बाईंनी तो पाण्यात सोडलासुद्धा.

"काऊन सोडला, बाई?" मी जवळजवळ ओरडलोच.

"दिवसाचा पयला मासा नदीचा राह्यते, सर. तो आमी ठेवत नाई," एवढं बोलून त्यांनी पुन्हा जाळं फेकलं.

त्यानंतर कितीदा तरी गेलो, पण तो मासा पुन्हा सापडला नाही. यादी त्याच्याविनाच छापली गेली.

आज बरण्या पुसून टेबलावर मांडल्या. फॉर्मलिननं सगळ्यांचे रंग केव्हाच खाल्लेत. चिठ्ठी वाचल्याशिवाय कुठला मासा कोणता, हे मलाही सांगता येत नाही. रंगासकट आठवतो तो एकच, बाईंनी सोडून दिलेला.