अखजीची एकच घागर

बाबा खामगावच्या रस्त्यावर, जीपमध्येच गेले. नांदुऱ्याच्या दवाखान्यात खाट मिळेना म्हणून तिकडे निघालो होतो. मायच्या मांडीवर त्यांचं डोकं होतं. श्वास थांबला तशी ड्रायव्हरनं गाडी वळवली. आठवडाभर ताप, खोकला, तोंडाची चव गेलेली. पण तपासणी झाली नव्हती, म्हणून करोना नाही. दाखल्यावर आलं, हृदय बंद पडून मृत्यू. अरे, हृदय बंद पडल्याशिवाय कोणी मरतं का? पण खरं सांगते, तेव्हा घरात सगळ्यांना बरंच वाटलं. करोना हा शब्द नव्हता म्हणून खांदा द्यायला चार माणसं तरी आली.

लाट ओसरल्यावर पंचायतीपुढे सभा झाली. बाहेरून आलेल्या साहेबांनी गावाचं कौतुक केलं, की इथं करोनानं एकही माणूस दगावला नाही. समोर बसलेल्या कितीतरी पुरुषांच्या डोक्यावर आत्ता कुठे केस फुटत होते. तरी टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन सांगितलं, तशी तांदूळ निवडणारी माय थांबली.

"मंग हे कायनं गेले?"

पुढे वर्षभर ती हेच विचारत राहिली. मला, भावाला, दारावर आलेल्या नर्सबाईला. तिला दुसरं काही नको होतं. ज्यानं तिचा माणूस नेला त्याचं नाव कोणीतरी घ्यावं, एवढंच.

घरचं माणूस गेलं की आमच्याकडे पहिल्या अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या नावानं नवी घागर भरतात. पाणी ओतताना गेलेल्याचं नाव घ्यायचं. घागर आणायला आम्ही नांदुऱ्याच्या बाजारात गेलो, तर कुंभारीण रिकाम्या पोत्यावर बसलेली. दरसालपेक्षा कितीतरी जास्त घडवल्या होत्या, तरी सकाळीच सरल्या, असं ती सांगू लागली. माय तिथंच रस्त्यात बसली आणि ढसाढसा रडली.

शेवटची घागर आमच्या शेजारच्या काकूला मिळाली होती. तिची तरणीताठी सून बाबा गेले त्याच आठवड्यात गेली. तिच्या दाखल्यावर न्यूमोनिया. काकूनं मायला हाताला धरून उठवलं, म्हणाली, एकाच घागरीत दोघायले पाणी घालू. त्या सुनेनं जन्मात कधी बाबांसमोर डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता. आता त्या दोघांची घागर एकच.

काकूच्या ओसरीवर शेजारपाजार जमला. काकूनं सुनेचं नाव घेऊन तांब्या ओतला. मग माय पुढे झाली. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. ते तिनं आज स्पष्ट घेतलं, आणि पाणी ओतता ओतता म्हणाली, "करोनानं गेले."

काकूही हळूच म्हणाली, "माही सूनबी."

सगळ्यांनी ऐकलं. लिहून घ्यायला मात्र तिथं कोणी नव्हतं.