धक्क्याखालची देवी

काहीही विचारलं की तो आधी मान वाकडी करून कानातलं पाणी झटकायचा आणि म्हणायचा, "खाली जाऊन बगतो." कुणाची घागर बुडालेली असो नाहीतर होडीचा नांगर, उत्तर एकच. एकदा मी त्याच्या पुतणीसाठी स्थळ सुचवलं, तेव्हाही तो हेच म्हणाला. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

काल्हेरला गोदामं नुकती उभी राहू लागली होती आणि त्यातल्या एकात मी पावत्या फाडत होतो. गोदामामागे खाडीचं पाणी आत शिरून एक फाटा झाला होता. त्याच्या काठावरून जुन्या धक्क्याची दगडी भिंत सरळ पाण्याखाली गेलेली. हा काठावर बसायचा, भिंतीला हात लावायचा आणि डुबी मारून पाण्यात नाहीसा व्हायचा. पाणी चहाच्या चोथ्यासारखं, त्यात डोळ्यांचा उपयोग शून्य. सगळा कारभार हाताचा. मोठ्या खाडीत तो उतरत नसे. तिथे ओढ फार आणि धरायला काही नाही.

गोदामांना जमिनी विकल्यावर गावाने गावदेवीचं संगमरवरी देऊळ बांधलं. नवी मूर्ती आली, गालांवर लाली असलेली. जुनी होती शेंदराची, वरवंट्याएवढी. ती रीतीप्रमाणे शिरवायची, म्हणजे पाण्यात विसर्जन करायची ठरली. वाजतगाजत काठापर्यंत सगळा गाव आला. पुढचं काम याचं. त्याने तिला भिंतीच्या पायथ्याशी नेऊन बसवलं. त्यानंतर कधीही डुबी मारली की तो आधी तिच्या तोंडावरचा गाळ पुसायचा. हे त्यानेच मला सांगितलं, घरची टाकी धुतल्याच्या सुरात.

मग फाटा बुजवून तिथेही गोदाम काढायचं ठरलं. भरावाचे ट्रक येऊ लागले. तो पंचांकडे गेला.

"आई खाली हाय. तिच्यावर डेब्रिज टाकनार का?"

"शिरवलेली देवी वर काढत न्हाईत," पंच म्हणाले. "आनि आई देवलात हाय ना आता."

"देवलात हाय ती नवी," तो म्हणाला. बैठक संपली.

थोड्याच दिवसांत एका भरावाच्या ट्रकची चावी ड्रायव्हरच्या हातून पाण्यात पडली. ट्रक वाटेतच अडकला, मागे रांग लागली. याला बोलावलं. तो खाली गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा छातीशी देवी होती.

"चाचा, चाबी?" ड्रायव्हर म्हणाला.

"रुक जा. पयले आई को बिठाने दे."

देवीला घरच्या ओट्यावर ठेवून तो परत आला, पुन्हा उतरला आणि चावीही आणून दिली. तोवर काठावर गाव गोळा झाला होता.

पंचांनी निकाल दिला की देवी परत शिरवायची. आता शिरवणार कोण? देवी काठावरून टाकता येत नाही, तळाशी नेऊन बसवावी लागते. तेवढ्या खाली जाणारा माणूस गावात हा एकटाच. पोलिसांत जावं, तर तक्रार काय लिहायची ते कुणाला सुचेना. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी डुबी सोडली."

लोकांना वाटलं, रुसलाय, चार दिवसांत उतरेल. पण एकदा जरी उतरला असता, तरी पंचांनी लगेच देवी आणून हातात दिली असती. हे तो ओळखून होता. नारळी पुनवेला सगळे गुडघाभर पाण्यात शिरले, हा काठावर चपला घालून उभा. पोटासाठी त्याने आमच्या गोदामात हमाली धरली आणि त्यात तो अगदीच कच्चा निघाला. पोत्याखाली वाकलेला तो मला बघवत नसे. एकदा न राहवून म्हटलं, "दादा, शिरवून टाका आणि मोकळे व्हा."

"माज्या हातानं खाली चिकलात बसवली," तो म्हणाला. "त्याच हातानं भरावाखाली देऊ?" आणि पुढचं पोतं उचलायला गेला.

भराव पुरा झाला. भिंतीचा वरचा दगडसुद्धा दिसेनासा झाला. तेव्हा एका सकाळी पंच स्वतः त्याच्या ओट्यावर आले. त्यांच्या बायका आधीपासूनच चोरून ओटी भरायला येत होत्या. मीही तिथे चहाला बसलो होतो. पंचांनी देवीला हात जोडले आणि घसा साफ केला.

"आता शिरवायला जागाच न्हाय राहिली. ठेव आईला तुज्याकडं, आमचं काय बोलनं न्हाय. तू बी आता खुशाल डुबी मार."

त्याने फाट्याच्या दिशेला पाहिलं. तिथे मुरमावरून रोलर फिरत होता.

"कंच्या पान्यात?" त्याने विचारलं, आणि पंचांना चहा ओतून दिला.