साबण नव्हता

गारखेड्यातल्या पाण्याच्या प्लांटवर मी दोन वर्षं जार धुवायला आणि भरायला होते. फुलंब्रीहून सकाळच्या बसनं यायचे. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं, म्हणून अख्खी गल्ली आमचेच जार न्यायची. मशीन चांगलं होतं. संडासात मात्र साबण नव्हता आणि हातमोजे कुणी तपासायला येणार असलं तरच बाहेर निघायचे.

त्या उन्हाळ्यात मला जुलाब लागले. मालकाला फोन केला, तर म्हणाले, "लग्नाची ऑर्डर हाय. आजचा दिवस काढा, ताई."

गेले. दुपारपर्यंत पाचदा संडासला जाऊन आले. दर वेळी नुसत्या पाण्यानं हात खळबळले आणि पुन्हा जार भरायला बसले. बूच लावताना बोटं आतल्या बाजूला लागायची. तेव्हा कळलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

चार दिवसांनी मागच्या गल्लीत शिकवणी घेणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या सुनेला सातवा महिना होता.

"सून दवाखान्यात आहे गं. उलट्या-जुलाब. सलाईन लावलंय," त्या म्हणाल्या. "तिथलं पाणी नको वाटतं. एक जार दवाखान्यात पाठवतेस का?"

मी आत वळून बघितलं. मालक आत फोनवर होते.

"बाई, इथलं पाणी नका देऊ तिला. उकळून द्या."

"का गं?"

"चार दिवसांपूर्वी मला जुलाब लागले होते. तरी मीच भरलेत जार. हात धुवायला साबण नाय इथं."

त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. रिकामा जार तिथंच ठेवून निघून गेल्या.

बाईंनी घरात आमच्या जारमधलं उरलेलं पाणी तपासून घेतलं. त्यात मैल्यातले जंतू निघाले. मालकांनी त्याच दिवशी साबण आणला आणि मला म्हणाले, "धंदा बसवलास. उद्यापासून येऊ नको."

जंतू माझ्या हातचे होते की न धुतलेल्या टाकीतले, हे कुणी शोधलं नाही. मलाही अजून ठाऊक नाही.

सून बरी झाली. पुढं वर्षभरानं बाई बाजारात भेटल्या, नातू कडेवर होता. "तू सांगितलंस, बरं केलंस," म्हणाल्या. मी बाळाच्या गालाला हात लावायला गेले, तर त्यांनी त्याला पटकन दुसऱ्या कडेवर घेतलं.