द्राक्षांच्या सीझनमधली बॅच

ट्रेनिंग खात्यातल्या माणसाला "काय चाललंय?" असं कधी विचारू नये. तासभर सुटका नाही! मला तर पहिल्या सहा महिन्यांतच इतके धक्के बसले, की पुढचे मोजायचं सोडून दिलं.

मी मूळची ड्रॉइंग सेक्शनची. अंबडच्या ऑफिसात अकरा वर्षं बोर्डापुढे उभी राहिले. मग कॉम्प्युटर आले, आणि एका सकाळी बघते तर माझा बोर्ड भंगाराच्या टेम्पोत! प्लांट हेड देवधर साहेब म्हणाले, "सुनीताबाई, तुम्ही बोलता बऱ्या. ट्रेनिंगमध्ये जा. सहा महिने बघू. नाही जमलं तर दुसरी जागा नाही माझ्याकडे."

मिस्टरांची कंपनी नुकतीच बंद पडलेली. घर माझ्या एकटीच्या पगारावर. आणि सासूबाई हबकून विचारतात, "एवढाल्या बाप्यांना तू शिकवणार? आणि कंपनी त्याचा पगार देणार?"

वर्ग सातपूर प्लांटच्या कामगारांचे. तिथे हॉल नाही, म्हणून एक मंगल कार्यालय भाड्याने घेतलेलं. पहिल्या दिवशी मी लालसोनेरी खुर्च्यांपुढे उभी राहिले, "नमस्कार" म्हटलं, तर अभिप्रायाचे सगळे फॉर्म भरून माझ्या हातात! "विषय छान समजावला."

"अहो, मी अजून सुरुवात केली नाही!"

"असू द्या मॅडम. शेवटी भरत बसलं की बस चुकती."

सूचनापेटीचा तर मी केवढा गाजावाजा केला! महिन्याने सगळ्यांसमोर उघडली. आत गुटख्याच्या पुड्या आणि एकच चिठ्ठी. "पेटीचं कुलूप लय भारी हाय. ते सायकल स्टँडला लावा."

मग मी रोल प्ले घेतला. कामगाराने सुपरवायझर व्हायचं, सुपरवायझरने कामगार. कामगार झालेले सोनवणे सुपरवायझर "उशीर झाला साहेब" म्हणत आत आले. साहेबाच्या खुर्चीत बसलेल्या कामगार पगाऱ्यांनी घड्याळ बघितलं, खिशातून पेन काढलं आणि खराखुरा मेमो लिहून हातात दिला! मी म्हटलं, "पगारे, संपलं नाटक, उठा." उठतोय कोण! सोनवणे दुसऱ्या दिवशी रजेवर. मी कपाळाला हात लावला. साहेबांना कळलं तर?

शेवटची बॅच फेब्रुवारीतली. मशीनची देखभाल, तीन दिवस. एरवी निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि या वेळी बावीसच्या बावीस हजर! निफाडचा संपत बोराडे तर काय हुशार! वही भरून टिपणं, परीक्षेत पहिला. मला वाटलं, वाचले बाई मी.

समारोपाला देवधर साहेब स्वतः आले. निकाल त्याच दिवशी लागणार होता, माझाही. संपतला स्टेजवर बोलावलं. साहेबांनी सर्टिफिकेट पुढे केलं, तेवढ्यात जेवणाची व्यवस्था बघायला गेलेले सातपूरचे फोरमन जाधव आत आले आणि दारातच थबकले.

"हा कोण? हा आमचा संपत नाही!"

"मी त्याचा धाकटा भाऊ, दत्तू," तो निवांतपणे म्हणाला. "भाऊ द्राक्षांच्या तोडणीत अडकलाय. म्हणला, मशीन थोडीच चालवायचीय? नुसतं बसायचंय, तू जा!"

 मी सातपूरच्या एकाही माणसाला चेहऱ्याने ओळखत नव्हते, रजिस्टरवरची सही तेवढी बघत होते. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग माइक घेतला. "अजून कोण कोण भावाच्या जागी आलंय? हात वर करा. कोणाला काही होणार नाही."

एक हात वर आला. मग तीन. मग भराभर. मी मोजले, तेरा! बाप रे!

मागच्या रांगेत पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ हात अर्धा वर करून घुटमळत होते. रिटायरमेंटला आलेले म्हणून तिन्ही दिवस मी त्यांना पंख्याखालची खुर्ची दिली होती.

"काय हो, तुम्हीही भाऊ का?" साहेबांनी विचारलं.

ते उभे राहिले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "नाय साहेब. मी सासरा हाय."