ताजी जवारी

अंबादासकाका नम्र होते असं कुणी सांगितलं, तर तो माणूस त्यांना भेटलेलाच नाही. मिरजेहून येऊन तीस वर्षं त्यांनी दिल्लीच्या मुनिरकातल्या एका खोलीत तंबोऱ्यांची जवारी काढली. म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीने अशी घासायची, की तार नुसती वाजत नाही, गुंजत राहते. "दिल्लीत हा हात दुसरा नाही," ते म्हणायचे. खरंच नव्हता.

हेमांगीताईंचा गाण्याचा क्लास नोएडाच्या नव्या सेक्टरात गेला, तसे काकाही तिथल्या तंबोऱ्यांसाठी दोन बस बदलून तिकडे जाऊ लागले. ताईंची मुलगी अवनी दिल्लीतच वाढलेली. लहानपणी तिने विचारलं होतं, "आजोबा, ज्वारी? भाकरीवाली?" दुसरं कुणी असतं तर काकांनी फाडून खाल्लं असतं. तिला मात्र म्हणाले, "हो गं, सुरांची भाकरी."

दोन हजार तीन साली ताईंनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. बाकीचे क्लास आधीच गळाले होते. काकांचं नेमाचं काम एवढंच उरलं होतं.

"काका, सॉरी, पण आता जवारीची कटकट नको," म्हणत ताईंनी बटण दाबलं.

काका दारातच थबकले. "हा खर्ज ऐका! शेवटची तार जरा मोकळी सोडलीय. ही माझ्या वडिलांची खोड. ताई, ही जवारी माझी आहे!"

दोन वर्षांपूर्वी नोएडातल्या एका कंपनीने त्यांच्याकडून तंबोरा लावून घेऊन दिवसभर रेकॉर्डिंग केलं होतं. काकांना वाटलं, भजनांची कॅसेट असेल. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, तरी त्यांची छाती फुगली. घरोघरी आपला हात पोचला, हे काय थोडं झालं?

"अच्छा! मग तुमचीच जवारी आहे, तर प्रॉब्लेम काय?" ताईंनी सरळ मनाने विचारलं.

एकोणीस वर्षांची अवनी तिथेच रियाजाला बसली होती. तिचा आवाज आता खाली उतरला होता. तिने त्या इलेक्ट्रॉनिक डब्याची पट्टी उतरवली, तसा वरच्या पट्टीत रेकॉर्ड केलेला तो मोकळा खर्ज भसाडा झाला. ती थोडा वेळ गायली, मग डबा बंद करून उठली. कपाटावरचा तंबोरा काढून तिने काकांपुढे ठेवला.

"आजोबा, डब्यातली भाकरी तुमचीच आहे, पण शिळी आहे. मला ताजी पाहिजे."

काकांचे डोळे भरले. ते न लपवता त्यांनी पिशवीतून कानस काढली.

"आधी सा लाव," ते म्हणाले. "आजचा गळा ऐकू दे."